एकशे बारा कंठ आणि शेवटचे कडवे

अमरावतीच्या सुरेश भटांची 'लाभले अम्हास भाग्य' ही कविता मराठी मुलखात आज ज्यांना मुखोद्गत आहे, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ती पुस्तकात वाचली असेल. बहुतेकांच्या कानी ती पडली ती एका ध्वनिमुद्रिकेच्या द्वारे, आणि ती ध्वनिमुद्रिका म्हणजे संगीतकार कौशल इनामदार यांनी सिद्ध केलेली व २७ फेब्रुवारी २०१० रोजी ठाणे येथे प्रकाशित झालेली 'मराठी अभिमानगीत' ही होय. ११२ नामवंत गायक-गायिका आणि ३५६ समूहगायक यांचे आवाज तिच्यात एकवटले आहेत. पाश्चात्त्य देशांत एखाद्या रॉक बँडचा अल्बम प्रसिद्ध झाला म्हणजे तो कसा घडला, किती दिवस घडत होता, श्रोत्यांनी व टीकाकारांनी त्याचे स्वागत कसे केले, यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले जातात. आपल्याकडे गाणे ओठांवर रुळते, कवीचे व संगीतकाराचे नाव काही दिवस निघते, आणि ते ज्या खोलीत व ज्या यंत्रांवर घडले त्यांची हकीकत कोणी लिहून ठेवीत नाही. या एका गीताच्या बाबतीत तरी तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते. कारण वऱ्हाडातल्या एका कवीचे शब्द मैफिलीच्या रीतीतून स्टुडिओत आणि स्टुडिओतून थेट विधानभवनात गेले, तेव्हा यंत्राने त्यांचे काय केले आणि माणसांनी काय केले, या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

भटांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीला झाला. वडील डॉक्टर, आई काव्याची भोक्ती, आणि वयाच्या अडीचव्या वर्षी झालेल्या पोलिओने उजवा पाय जन्माचा अधू. समवयस्क मुले मैदानावर धावत असता ज्याला घरात बसून राहावे लागे, त्या मुलाच्या वाट्याला सूर आणि शब्द हेच मैदान आले. शिक्षण अमरावतीलाच झाले. ही अमरावती ज्या मुलखात वसलेली आहे त्याचा इतिहास येथे ध्यानात घेतला पाहिजे. अचलपूरची इमादशाही, पुढे मोगलांची सुभेदारी, पुढे निजामाचा अंमल, आणि १८५३च्या तहनाम्याने इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला व १९०३ साली मध्यप्रांताला जोडलेला हा वऱ्हाड: येथील दप्तराची भाषा शतकानुशतके फारसी होती, अचलपुरास व बाळापुरास उर्दूची वस्ती दाट होती आणि आहे, आणि मुशायरा ही वस्तू येथील रसिकाला परकी वाटण्याचे काही कारण नव्हते. माधव जूलियनांनी 'गज्जलांजली' १९३३ साली प्रसिद्ध करून फारसी वृत्तांची सनद मराठीला मिळवून दिली होती हे खरे. परंतु गझल म्हणजे केवळ एक वृत्त नव्हे, तिच्यातला प्रत्येक शेर ही दोन ओळींत पुरी झालेली स्वयंपूर्ण कविता असली पाहिजे, हा आग्रह मराठीत रुजवला तो भटांनी. 'गझलेची बाराखडी' नावाची छोटी पुस्तिका लिहून त्यांनी ही विद्या होतकरू कवींना शिकविली, आणि स्वतःच्या रचना ते तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर गाऊन, सादर करीत.

शेराच्या या स्वयंपूर्णतेचा ध्वनिमुद्रणाशी निकटचा संबंध आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे, आणि त्यामुळे कवितेची कडवी गाळणे हा ध्वनिमुद्रणाचा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज झाला. पुढे दीर्घकालीन तबकडी आली, तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, पण गाण्याची लांबी एकदा श्रोत्याच्या कानाला पडलेल्या सवयीने ठरून गेली होती ती फारशी बदलली नाही. गझल या कात्रीतून सहीसलामत सुटते. मतला, म्हणजे पहिला शेर, ठेवावा, अकरा शेरांतले चार निवडावेत, बाकीचे पुस्तकात राहू द्यावेत. निवडलेले चार शेर अपुरे वाटत नाहीत, कारण त्यांतला कोणताही दुसऱ्याच्या आधाराने उभा नसतो. हृदयनाथ मंगेशकरांनी भटांचे शब्द लता मंगेशकर व आशा भोसले यांच्या कंठांतून घरोघर पोचविले आणि 'रूपगंधा' या संग्रहाचा हा कवी मराठी भावगीताचा कवी झाला. उलट, मोर्शी तालुक्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे यांनी गझल मैफिलीतच ठेवली: एकेक शेर पुन्हा पुन्हा घ्यावा, सानी मिसरा, म्हणजे शेराची दुसरी ओळ, श्रोत्यांच्या मनात आधी पिकू द्यावा आणि मग उच्चारावा, ही रीत तबकडीच्या घड्याळाला मानवणारी नव्हे. वऱ्हाडाने मराठी गझलेला लिहिणारा दिला आणि गाणाराही दिला, याचा मला अभिमान वाटतो.

आता स्टुडिओकडे वळू. ध्वनिमुद्रण म्हणजे झालेल्या गायनाचे छायाचित्र, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि कितीतरी वर्षे ती खरीही होती: गायक, साजिंदे, सारे एका खोलीत बसत, एकदम गात-वाजवीत, आणि जे झाले ते तबकडीवर उमटे. ही समजूत ज्या अल्बमने जगभर मोडली तो बीटल्स या इंग्रज बँडचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' होय. १९६६च्या ऑगस्टमध्ये या चौघांनी सभागृहांतले व मैदानांतले कार्यक्रम कायमचे थांबविले आणि लंडनच्या अॅबे रोडवरील स्टुडिओत ते महिनेच्या महिने बसून राहिले. यंत्र चार पट्ट्यांचे होते; म्हणजे एकाच फितीवर चार आवाज वेगवेगळे नोंदता येत, चार भरले की ते एकत्र करून दुसऱ्या फितीच्या एका पट्टीवर उतरवावे आणि उरलेल्या तीन पट्ट्यांवर नवे आवाज चढवावेत, अशी ती तजवीज. निर्माता जॉर्ज मार्टिन याने शेवटच्या गीतासाठी ४० वादकांचा वाद्यवृंद आणून त्याचे वादन चार वेळा एकावर एक चढविले, आणि श्रोत्याला जणू १६० वादकांचा कल्लोळ ऐकू आला. असा वाद्यवृंद त्या दिवशी कोठेही बसलेला नव्हता. जो मेळा भूतलावर कधी जमलाच नाही त्याचे गाणे ऐकविणे, ही स्टुडिओची नवी शक्ती होती.

१९६७च्या उन्हाळ्यात हा अल्बम बाहेर पडला तेव्हा त्याचे स्वागत एकमुखी झाले नाही, हे सांगितले पाहिजे. केनेथ टायनन या समीक्षकाने त्याला पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासातला निर्णायक क्षण म्हटले. न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन याने, कारागिरीच्या नादात या मंडळींचा गाभा हरवला, अशी कठोर टीका केली. मुखपृष्ठाच्या मागील बाजूस गीतांचे सर्व शब्द छापलेले होते, आणि माझ्या मते त्या छपाईचे महत्त्व यंत्रांच्या करामतीइतकेच मोठे आहे, कारण तिने श्रोत्याच्या हाती एक दस्तऐवज दिला: काय गायले गेले आणि कितपत गायले गेले हे ज्याला पडताळून पाहता येते तो श्रोता निराळा.

याच बँडमधला जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८मध्ये मुंबईला आला आणि फिरोजशहा मेहता रोडवरील एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने 'वंडरवॉल म्युझिक' या आपल्या अल्बमचा काही भाग भारतीय वादकांकडून वाजवून घेतला. संतूरवादक शिवकुमार शर्मा त्यांत होते. लंडनमध्ये चार पट्ट्यांची सवय झालेल्या या माणसासाठी दोन पट्ट्यांचे यंत्र कलकत्त्याहून मागवावे लागले. आपली गाणी त्या काळात कोणत्या तुटपुंज्या साधनांवर मुद्रित होत होती याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही, आणि त्याच साधनांवर आपल्या भावगीतांचे वैभव उभे राहिले हे लक्षात आले म्हणजे त्या पडद्याआडच्या ध्वनिमुद्रकांविषयी आदर दुणावतो.

'मराठी अभिमानगीता'चा उगम एका अपमानात आहे. मुंबईतल्या एका खाजगी रेडिओ केंद्रावर मराठी गाणी का वाजत नाहीत असे इनामदारांनी विचारले असता, मराठी गाणी लावली तर केंद्राला खालच्या दर्जाचे समजले जाईल अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ज्या राज्याची राजभाषा मराठी, त्याच्या राजधानीत हे उत्तर. रागावलेला मनुष्य अर्ज करतो, मोर्चा काढतो. इनामदारांनी गाणे करावयाचे ठरविले, आणि त्यासाठी १४ मार्च २००३ रोजी दिवंगत झालेल्या अमरावतीच्या कवीची कविता निवडली. खर्चाला एखादा धनिक आश्रयदाता न शोधता सामान्य मराठी माणसांपुढे हात पसरला, आणि लहान लहान वर्गण्यांतून ती मुद्रिका उभी राहिली. गणेशोत्सवाची रीत स्टुडिओला लावण्याचा हा प्रकार मला फार मोलाचा वाटतो.

११२ गायकांना एका दिवशी एका खोलीत बसविणे अशक्य. येथे अॅबे रोडवर रूढ झालेली विद्या उपयोगी पडते, फक्त चार पट्ट्यांच्या जागी आता संगणकावर शेकडो पट्ट्या असतात. प्रथम लयीचा सांगाडा नोंदतात. प्रत्येक गायकाच्या कानावरील हेडफोनमध्ये तोच ठोका व तीच मार्गदर्शक चाल वाजत असते. तो आपली ओळ गाऊन जातो, आठवड्याने दुसरा येतो, आणि पहिला ज्या क्षणी श्वास घेत होता त्या क्षणाशी दुसऱ्याचा आरंभ जुळतो, जरी दोघांची त्या जागी भेट झालेली नसते. शास्त्रीय गायकीचा धीरगंभीर गळा, लोकगीताचा उघडा गळा, चित्रपटगीताचा मायक्रोफोनजवळचा मृदू गळा, या सर्वांना एकाच कवितेत नांदविण्याचे काम शेवटी मिश्रण करणाऱ्याच्या बोटांकडे येते: कोणाला पुढे आणावे, कोणाला मागे न्यावे, कोणाच्या आवाजाभोवती किती गुंजन ठेवावे. सुरेश वाडकर, हरिहरन, रवींद्र साठे, शंकर महादेवन, आरती अंकलीकर-टिकेकर, साधना सरगम अशी नामावळी वाचली तरी कल्पना येईल की येथे एका ओळीशेजारी दुसरी ओळ ठेवणे म्हणजे एका घराण्याशेजारी दुसरे घराणे ठेवण्यासारखे आहे. गळ्याच्या स्वरपट्टीचाही प्रश्न असतो. पुरुषाचा गळा सहसा हार्मोनियमच्या काळी एक किंवा दोनमध्ये मोकळा होतो आणि स्त्रीचा काळी चार-पाचमध्ये. इतके अंतर ज्या गळ्यांत आहे त्यांना एका षड्जावर आणावयाचे तर कोणीतरी मंद्रात खाली उतरणार किंवा कोणीतरी तारसप्तकात ताणला जाणार. चाल बांधतानाच याचा विचार करावा लागतो.

परंतु हे सर्व धरून ठेवणारी गोष्ट यंत्रात नाही, ती कवितेत आहे. या कवितेची प्रत्येक ओळ १४ अक्षरांची व २२ मात्रांची आहे. गुरू, लघू, गुरू, लघू असा अखंड क्रम चालतो आणि अखेरीस दोन गुरू येऊन पाऊल ठामपणे टेकते. हे टेकणारे पाऊल दर वेळी एकाच शब्दाचे, 'मराठी' या शब्दाचे. वाचकाने टाळी देऊन ओळ म्हणून पाहावी. चालणाऱ्या माणसाच्या पावलांचा तो ठेका आहे, आणि ज्याने हे वृत्त निवडले तो स्वतः आयुष्यभर अडखळत चालला होता ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. रदीफ, म्हणजे अखेरीस पुन्हा पुन्हा येणारा शब्द, गझलेची; तिच्या आधी येणाऱ्या क्रियापदांत काफियाचा, म्हणजे यमकाचा, भास गझलेचा. तरीही ही गझल नव्हे. चार-चार ओळींची सात कडवी क्रमाने उभी आहेत आणि क्रमानेच वाचली पाहिजेत. प्रथम भाग्याचा उच्चार. मग भाषा मनात, रक्तात. मग पाळण्यात, घरात, कुळात. मग फुलांत, डोंगरांत, वनांत. मग पावसात, पिकांत, नद्यांत. सहा कडवी प्रेमाचा विस्तार होत जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटू लागते की हे केवळ स्तोत्र आहे.

सातव्या कडव्यात कविता वळते. अगणित पाहुण्यांना पोसणारी ही भाषा स्वतःच्या घरात हाल सोसते, असले खेळ ती पुष्कळ पाहते, आणि शेवटी माजलेले सिंहासन फोडून टाकते, असा त्या कडव्याचा आशय आहे. आधीच्या सहा कडव्यांतील प्रेम हा या कडव्यातील संतापाचा पाया. संताप काढून घेतला तर प्रेम गोड पण निरुपद्रवी होते. गझलेतला एक शेर गाळला तर एक शेर जातो. येथे शेवटचे कडवे गाळले तर उरलेली सहा कडवी बदलतात. इनामदारांच्या ध्वनिमुद्रिकेने हे कडवे राखले आहे, आणि ज्या अपमानातून ती मुद्रिका जन्मली तो पाहता तिला दुसरे काही करणे शक्यही नव्हते.

या मुद्रिकेचे स्वागत वर्तमानपत्रांच्या समीक्षास्तंभांपेक्षा शाळांच्या पटांगणांत अधिक झाले. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी अमरावती-अकोल्याच्या शाळांत ध्वनिक्षेपकावर हे गीत हमखास लागते. वऱ्हाडचा शब्द तबकडीवर चढून महाराष्ट्रभर जाण्याचे हे पहिले उदाहरण नव्हे. अकोल्याच्या विठ्ठल वाघांचे काळ्या मातीचे गीत अनिल-अरुण यांच्या संगीताने 'अरे संसार संसार' या १९८१च्या चित्रपटातून सर्वत्र गेले, आणि त्या गीतातली तिफण, म्हणजे पेरणीचे अवजार, हा आमच्या शेतातला जिन्नस ज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता त्यांच्याही तोंडी बसला. पण ते गीत मातीचे होते आणि मातीचेच राहिले. अभिमानगीत राजदरबारी गेले.

२०२३च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने आपले राज्यगीत अंगीकारले: नागपूरचे राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळ्यांनी संगीतबद्ध केलेले व शाहीर साबळ्यांनी गाजविलेले 'जय जय महाराष्ट्र माझा'. शासकीय समारंभात ते म्हणावयाचे म्हणून त्याची दोनच कडवी घेण्यात आली, आणि वेळेची मर्यादा पाहता ते समजण्यासारखे आहे. त्याच महिन्याच्या २७ तारखेला विधानभवनात मराठी भाषा गौरव दिनाचा समारंभ झाला, त्यात 'लाभले अम्हास भाग्य' गायले गेले, आणि शेवटचे कडवे वगळले गेले. तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी सभागृहात याविषयी विचारणा केली. कडवे का गेले याची चौकशी ज्यांनी करावयाची त्यांनी करावी; माझे म्हणणे एवढेच की सत्तेच्या मदाविषयी बोलणाऱ्या चार ओळी सत्तेच्याच मंदिरात अनुच्चारित राहिल्या, आणि त्यामुळे त्या दिवशी जे गायले गेले ती सुरेश भटांची कविता नव्हती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीपाशी निदान जागा नव्हती ही सबब होती.

याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. महानुभावांच्या या क्षेत्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ तो, आणि आता मराठी भाषेचे विद्यापीठ त्याच गावी स्थापन झाले आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी ज्यांनी ऐकल्या-पाहिल्या त्यांना म्हाइंभटांनी गाठले, त्यांच्या तोंडून त्या गोळा केल्या, आणि सांगणाऱ्यांच्या सांगण्यात भेद पडला तेथे तो भेदही नमूद केला. शब्द होता तसा राखणे ही या जिल्ह्याची इतकी जुनी परंपरा आहे, म्हणून या कडव्याचे गाळणे वऱ्हाडी माणसाला जरा अधिक लागते.

काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका शाळेत भाषादिनाच्या कार्यक्रमाला मी हजर होतो. पाहुण्यांची भाषणे लांबली, मध्यान्ह भोजनाची वेळ झाली, आणि मुलांनी तीन कडवी म्हणताच खूण झाली व गाणे थांबले. रांगा वर्गांकडे वळल्या. जिन्यापाशी सहावी-सातवीतल्या दोन मुली मात्र म्हणतच होत्या. ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्यांना सारे पाठ झालेले होते, पायऱ्यांवर त्यांची पावले ठेक्यात पडत होती, आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या पाहुण्यांच्या ओळीपर्यंत आल्या होत्या. मी खाली उभा राहून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकले.